पाण्याला बोलू दे

१

उन्हाळा आला की मला काही सुचेनासं होतं. चाळिशी उलटलेल्या बाईने इतकं हुरळून जाऊ नये असं माझी धाकटी बहीण म्हणते, पण तिचं कोण ऐकतंय? आमची वस्ती तळ्याकाठची, चाळीस-पन्नास घरांची. वर्षातले दहा महिने इथे कुत्रंसुद्धा आळसाने भुंकतं. मग शाळांना सुट्ट्या लागतात, बंद घरांच्या खिडक्या उघडतात, गाद्या उन्हात पडतात, पाहुण्यांच्या गाड्या येतात आणि पुढचे काही आठवडे नुसती धमाल असते. पिंपांचे तराफे बांधायची स्पर्धा, गुडघाभर पाण्यातली रस्सीखेच, साठीवरच्या मंडळींची गळ टाकायची चढाओढ (तिथे मासे कमी आणि भांडणं जास्त), धक्क्यावर बँड, पोहण्याची शर्यत आणि सगळ्यात शेवटी सजवलेल्या होड्यांची मिरवणूक.

हे सगळं लोकांना सांगायचं काम माझं. दुपारी मी दवाखान्यात नंबर लावून द्यायला बसते, पण माझी खरी नोकरी सकाळची, आणि ती बिनपगारी आहे. धक्क्याच्या टोकाला एक लाकडी केबिन आहे. आत टेबल, माइक आणि एक जाड वही. छपरावर दोन कर्णे, एक वस्तीकडे तोंड करून आणि एक होडीवाल्यांसाठी तळ्याकडे. बरोबर सातला मी पाणी सांगते, वारा सांगते, आकाश सांगते आणि मग दिवसाचे कार्यक्रम. सगळे मला हवामानबाई म्हणतात. मला ते फार आवडतं, पण मी तसं दाखवत नाही.

पाणी मोजायची एक रीत आहे. धक्क्याच्या टोकावरून दोरीने बादली सोडायची, भरून वर घ्यायची, पाऱ्याची नळी तिच्यात बुडवायची आणि शंभर मोजायचे. आकडा वाचताना नळी पाण्यातच ठेवायची. बाहेर काढली की वाऱ्याने पारा उतरतो आणि मग दिवसभर लोक पाणी गार समजून काठावर बसून राहतात. बोलायचीसुद्धा रीत आहे. समोरच्या तीरावर घर नाही, झाड नाही, नुसता उभा कडा आहे. तळ्याकडचा आवाज त्या कड्यावर आपटून दोन आकडे मोजेपर्यंत परत येतो, वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा, आणि तोही टोकाच्या केबिनपर्यंतच. आपण बोलत राहिलो तर तो आपल्याच बोलण्यावर येऊन पडतो आणि आपण गोंधळतो. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं.

हे मला बाबांनी शिकवलं. तीस वर्षं केबिन त्यांची होती आणि त्या तीस वर्षांत त्यांनी मला बादलीला हात लावू दिला नव्हता. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी ते केबिनमधून घरी आले ते भलत्याच खुशीत. मला म्हणाले, चल, आज तुला सगळं शिकवतो. दिवसभर त्यांनी मला धक्क्यावर पळवलं. बादली, पारा, वही, माइक, सगळं. "बोल, थांब, पाण्याला बोलू दे, मग पुढे," असं त्यांनी त्या दिवशी वीस वेळा तरी म्हटलं असेल.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्यांच्या खोलीत गजर वाजायला लागला आणि वाजतच राहिला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, हृदय. मी सातला केबिनमध्ये गेले, कारण लोक वाट बघत होते आणि दुसऱ्या कुणाला ते काम येत नव्हतं. पाणी सांगितलं, वारा सांगितला आणि आजचे कार्यक्रम रद्द असं सांगितलं. कुठेही थांबले नाही. माझाच आवाज माझ्या अंगावर येत राहिला.

२

यंदाच्या सुट्टीच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि उकाडा मरणाचा. मी माइक चालू केला आणि म्हटलं, "पाण्याचं तापमान, सव्वीस."

थांबले. कड्यावरून आलं, "अठरा."

आवाज माझाच होता. जरा नाकातला, शेवटचं अक्षर ओढणारा. धाकटी त्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवते, त्यामुळे तो मला चांगला ओळखू येतो. मी वही बघितली. सव्वीस. बाहेर जाऊन बादलीत बघितलं. सव्वीसच. मग मी वारा सांगितला, "वारा नाही." कड्यावरून आलं, "उत्तरेचा." आकाश सांगितलं, "निरभ्र." परत आलं, "ढगाळ."

उरलेलं मी कसंबसं उरकलं आणि माइक बंद करून बसले. कालची झोप कमी झाली असेल, कानात पाणी गेलं असेल, उन्हाने डोकं चढलं असेल. माणूस स्वतःला पटवायला बसलं की कारणांना तोटा नसतो. घरी जाऊन दोन पेले सरबत प्यायले आणि विषय संपवला.

संध्याकाळी चार वाजता आभाळ काळं झालं आणि गारा पडल्या. नेमकी बँडची तालीम चालली होती. ढोलवाल्याने ढोल डोक्यावर धरला आणि गारांनीच तो वाजवला. लोक हसून हसून बेजार झाले. रात्रभर उत्तरेकडून गार वारा सुटला होता. सकाळी बादलीत नळी बुडवून मी शंभर मोजले. अठरा.

३

पहिल्यांदा मी घाबरून नळी तीनदा बुडवली हे खरं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. कडा रोज मला उद्याचं सांगत होता आणि एकदाही चुकत नव्हता. खरं सांगायचं तर चार दिवसांत भीती पळाली आणि मी हवेत तरंगायला लागले.

उद्या दुपारी पाऊस आहे, बँड शाळेच्या हॉलमध्ये हलवा, असं मी सांगितलं तेव्हा बेकरीवाल्याने माझी यथेच्छ टिंगल केली. पावणेतीनला पाऊस आला. रस्सीखेच एक दिवस पुढे ढकलायला लावली, तर मूळच्या दिवशी असा वारा सुटला की लहान पोरं पाण्यात उभीही राहिली नसती. लोक रस्त्यात थांबून विचारायला लागले की उद्या कपडे वाळत घालू का. दवाखान्यात पेशंट डॉक्टरांच्या आधी माझ्याशी बोलून घ्यायचे. मीही भाव खाऊन, आकाशाकडे डोळे बारीक करून बघून, मग उत्तर द्यायची. धाकटी म्हणाली, "ताई, आता तुझ्यासाठी दरवाजा रुंद करून घ्यावा लागेल."

हे माझ्या कानांचे खेळ नाहीत ना, ही शंका अधूनमधून टोचायची. बोटवाला रोज सकाळी कड्याखाली जाळी बघायला जातो. साठीचा, कमी बोलणारा माणूस आहे. मी त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की तिकडे माझा आवाज कसा येतो.

"दोनदा येतो," तो म्हणाला. "कर्ण्यातून एकदा आणि कड्यातून एकदा. तुम्ही हल्ली चुकता फार. आधी एक आकडा सांगता, मग दुसरा."

म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं. मी हसले आणि म्हटलं, वय झालं हो. घरी येताना मात्र मी धक्क्याच्या मधोमध चालले, काठाजवळून नाही.

४

शर्यत शनिवारी असते. धक्क्यापासून कड्यापर्यंत पोहत जायचं, कड्याला हात लावायचा आणि परत यायचं. माझी धाकटी गेली दोन वर्षं पहिली येते. शिवणकाम करून तिची पाठ वाकली असेल असं वाटतं, पण पाण्यात शिरली की तिला हाडंच उरत नाहीत. सगळे तिला मासोळी म्हणतात. तीन वर्षं ओळीने जिंकलं की चषक कायमचा घरी राहतो. तिने तर कपाटावरची जागा पुसूनही ठेवली होती.

शर्यतीचा एक नियम बाबांच्याही आधीपासूनचा आहे. ज्याचं नाव त्या सकाळी केबिनमधून वाचलं गेलं नाही, त्याने पाण्यात उतरायचं नाही. किती उतरले आणि किती परत आले हे साऱ्या वस्तीला ठाऊक असावं, एवढाच त्यामागचा हेतू. नावं दोनदा वाचतात. शुक्रवारी कच्ची यादी, कुणाचं राहिलं असेल तर त्याने येऊन सांगावं म्हणून, आणि शनिवारी पक्की.

शुक्रवारी मी यादी घेतली. एकेक नाव आणि प्रत्येकानंतर थांबणं. सुतार. कड्यावरून आलं, सुतार. बेकरीवाले. बेकरीवाले. शाळेच्या बाई. शाळेच्या बाई. मला मजा वाटायला लागली होती, कारण कडा हजेरी देत होता.

"मासोळी," मी म्हटलं.

दोन मोजले. चार मोजले. केबिनच्या खिडकीला एक माशी टकटक करत होती, तेवढाच आवाज. पाण्यावर ऊन नाचत होतं. मी पुन्हा म्हटलं, "मासोळी." काही नाही. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, कळलं हो, तुमची बहीण आहे ती. लोक हसले.

"पोस्टमास्तर," मी पुढचं नाव घेतलं. कड्याने ते लगेच परत पाठवलं.

५

तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. उद्या तिचं नाव वाचलं जाणार नाही एवढंच कड्याने सांगितलं होतं. का, ते नव्हतं सांगितलं. ती उद्यापर्यंत आजारी पडेल का? आज सरावाला गेली आणि परत आली नाही तर? मी दवाखान्यात रजा टाकली आणि तिच्या मागेमागे फिरले. ती शिवणयंत्रावर, मी दारात. ती अंगणात, मी अंगणात. सरावाला जाऊ नकोस म्हटलं, तर तिने मला वेडी ठरवलं आणि गेली. मी धक्क्यावर बसून तिची लाल टोपी नजरेआड होऊ दिली नाही. ती धडधाकट परत आली, माझ्या अंगावर पाणी उडवलं आणि दोन माणसांचं जेवण एकटीने जेवली.

शनिवारी सकाळी सात वाजले तेव्हा ती जिवंत होती, ठणठणीत होती आणि धक्क्यावर पाय ताणत उभी होती. मी केबिनमध्ये यादी समोर घेऊन बसले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिचं नाव न वाचलं जाण्याचं आता एकच कारण उरलं आहे, आणि ते मी आहे.

मी वाचलं असतं तर कडा खोटा ठरला असता. तो कधी खोटा ठरला नव्हता. मग वाचल्यावर नेमकं काय झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि तिच्या नावावर रेघ मारली. सुतार, बेकरीवाले, शाळेच्या बाई आणि मग थेट पोस्टमास्तर.

खिडकीतून मला तिची लाल टोपी दिसली. तिने ती हळूच काढली. बोटवाल्याने तिला काहीतरी समजावलं, नियम म्हणजे नियम. ती भांडली नाही. माझ्याकडे बघत मात्र राहिली, आणि तिचा चेहरा असा होता की मी मान खाली घातली.

शर्यत अगदी झकास झाली. वारा नाही, लाट नाही, कुणाच्या पायात गोळासुद्धा आला नाही. जेवढे उतरले तेवढे परत आले. शाळेच्या बाई पहिल्या आल्या आणि ओल्या अंगानेच नाचल्या. मी एकटीच धक्क्यावर उभी राहून रडत आणि टाळ्या वाजवत होते. लोकांना वाटलं मला लाज वाटतेय. मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

धाकटी घरी आली आणि तिने कपाटावरच्या त्या जागेवर इस्त्री ठेवली. "का केलंस?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, घाईत राहून गेलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

६

आज रविवार. सकाळी मी शीळ घालत केबिनमध्ये गेले. मनावरचं ओझं उतरलं होतं. धाकटी आज ना उद्या बोलेल, चषक पुन्हा पहिल्यापासून जिंकेल. उद्या होड्यांची मिरवणूक आहे. आमच्या होडीसाठी तिने निळ्या कापडाचे खवले शिवले आहेत, रागातसुद्धा काल रात्री शिवतच होती. पाणी पंचवीस होतं. मी माइक चालू केला.

"पाण्याचं तापमान, पंचवीस."

दोन मोजले. कड्यावरून आलं, "तेवीस."

आकड्याकडे माझं लक्षच गेलं नाही. आवाज माझा नव्हता. नाकातला नव्हता, शेवटचं अक्षर ओढलेलं नव्हतं. जाड, बसलेला, खूप रडून झाल्यावर असतो तसा आवाज होता, पण मी तो कुठेही ओळखेन. माझ्या धाकटीचा होता.

मी खिडकीतून घराकडे बघितलं. घर केबिनमधून स्पष्ट दिसतं. ती अंगणात टॉवेल वाळत घालत होती आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

"वारा, पश्चिमेचा," मी म्हटलं. माझा स्वर कसा लागला कोण जाणे.

तिकडून "नाही" आलं आणि लगेच त्याला चिकटून "निरभ्र" आलं. मी अजून आकाश सांगितलंच नव्हतं. ती मध्ये थांबतच नव्हती.

"आजचे कार्यक्रम," मी म्हटलं, "संध्याकाळी पाच वाजता बक्षीस समारंभ."

यावेळी उत्तर यायला वेळ लागला. कागद हलल्यासारखा आवाज आला आणि कुणीतरी श्वास आत घेतला. मग एकच शब्द आला. "रद्द."

७

मी तर्काने चालणारी बाई आहे. केबिनमध्ये बसल्या बसल्या मी हिशोब मांडला. माझा घसा बसला असेल, म्हणून उद्या ती वाचेल. घसा सकाळपासून खवखवतोच आहे. मिरवणूक रद्द व्हायला एखाद्याची होडी उलटणंही पुरतं, पुढाऱ्यांची भांडणं तर नेहमीचीच. हा सगळा माझ्या कानांचा खेळही असेल. काल मी तिच्याशी वाईट वागले, म्हणून आज तिचाच आवाज ऐकू आला असेल. हे शेवटचं कारण मला फार पटलं.

तेवढ्यात बोटवाला धक्क्याला होडी लावून वर आला. केबिनच्या दारात थांबून त्याने टोपी सरळ केली.

"आज मासोळीताईंना बसवलंत का माइकवर?" तो म्हणाला. "छान बोलल्या. जरा घाईत होत्या."

मी हो म्हटलं. म्हटलं, शिकवतेय तिला.

तो निघून गेल्यावर मला बाबा आठवले. ते त्या सकाळी इतके खुशीत का होते, हे कोडं मी बारा वर्षं बाळगलं होतं. त्या दिवशी त्यांनी कड्यावरून माझा आवाज ऐकला असणार. घाबरलेला, कुठेही न थांबणारा, पण माझा. म्हणजे उद्या आपली पोरगी आहे, उभी आहे, बोलते आहे, एवढं त्यांना कळलं असणार. मलाही आज आधी तेच जाणवलं. उद्या सकाळी सात वाजता माझी धाकटी धक्क्यावर असेल. तिला काही झालेलं नसेल. त्या क्षणी खरंच माझ्या छातीत आनंद मावेना. बाकीचं नंतर ध्यानात आलं.

दवाखान्यात जाऊन डॉक्टरांकडून तपासून घेतलं. छाती, नाडी, सगळं. म्हणाले, तुम्ही तर आम्हा सगळ्यांना पोचवून याल.

८

दुपारी मी धाकटीला धक्क्यावर नेलं. ती येत नव्हती. मी म्हटलं, शर्यतीचं भांडण उद्या भांडू, आज एवढं कर. तिने पाय आपटत बादली सोडली. नळी लगेच वर काढून वाचायला गेली तेव्हा मी तिचा हात धरला. पाण्यातच ठेव, शंभर मोज. तिचा हात गरम होता आणि शिवणाच्या सुईने बोटं खरखरीत झालेली होती. मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"एवढं अचानक काय?" ती म्हणाली. कालपासून पहिल्यांदा बोलली.

मी म्हटलं, कधी मला उशीर झाला तर. तिने मला नीट निरखून बघितलं. "ताई, तू आज भलतीच खुशीत आहेस," ती म्हणाली, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

आता चार वाजले आहेत. ती घरी खवल्यांना टाके घालते आहे, यंत्राचा आवाज इथे केबिनपर्यंत येतो. बाहेर पोरं धक्क्यावरून उड्या मारताहेत, एकेकाची किंकाळी आणि मग धप्प. बँडवाले खुर्च्या मांडताहेत. उन्हाळा अगदी भरात आहे. पाचला बक्षिसं आहेत, आणि शाळेच्या बाईंसाठी मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणार आहे.

उद्या मी स्वतःच येणार आहे, यात शंका नको. साडेसहाचा गजर लावते आणि चपला दाराकडे तोंड करून ठेवते. बाबांनीही तसंच ठेवलं होतं, हे मला आत्ता, लिहिताना आठवलं.

तरी धाकटे, या वहीत तुझ्यासाठी लिहून ठेवते. पाणी तेवीस असेल, पण तू मोजूनच सांग. चषकाचं मनात ठेवू नकोस, ते मी मुद्दाम केलं आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन. आणि बोलताना इतकी घाई करू नकोस. एक वाक्य बोल, मग थांब. दोन मोज, पाण्याला बोलू दे. उद्या तिकडून जो आवाज येईल, तो तुझाच आहे ना, एवढं नीट ऐक.